नऊ महिने वापरल्यानंतर: ०.३९ गिगाहर्ट्झवर अडकणारा प्रोसेसर आणि नागपूरचा उन्हाळा

लॅपटॉप १५.६ इंची, पातळ बांध्याचा. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-१२३५यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, सोबत ६५ वॅटचा गोल पिनचा अडॅप्टर. वापर ऑक्टोबर ते जून, म्हणजे दिवाळीच्या आधीपासून नवतपा उलटेपर्यंत, रोज आठ-नऊ तास: टॅली, जड एक्सेल फायली, ब्राउझरच्या पंचवीस-तीस टॅब, दोन-तीन व्हिडिओ कॉल. स्क्रीन, कीबोर्ड, स्पीकर या किमतीत मिळतात तसेच आहेत, तक्रार नाही. लिहायचे आहे ते प्रोसेसरच्या पॉवर मॅनेजमेंटबद्दल. नऊ महिन्यांत हा लॅपटॉप तीनदा बैलगाडीच्या चालीने चालला. तिन्ही वेळा दिसणारे लक्षण एकच होते, कारण मात्र दर वेळी निराळे. लक्षण पाहून थेट उपायाला हात घातला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होते. म्हणून आधी एवढेच शोधायचे की प्रोसेसरचा हात नेमका कोण धरतो आहे.

ते शोधायला दोन जागा पुरतात. पहिली इव्हेंट व्ह्यूअरमधली: विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे कर्नल-प्रोसेसर-पॉवर नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद. तिचा अर्थ असा की प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने (बोर्डावरच्या चिपमध्ये मुळातच भरलेल्या प्रोग्रॅमने) रोखला आहे, आणि किती सेकंद रोखला तेही त्यात लिहिलेले असते. ही नोंद सापडली तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये खुडबुड करण्यात अर्थ नाही. बिघाडाचे मूळ अडॅप्टर, बॅटरी, उष्णता किंवा बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारे तेच फर्मवेअर) यांपैकी कुठेतरी आहे. वेग पडलेला आहे पण ही नोंद नाही, तर संशय विंडोजच्या सेटिंगवर. दुसरी जागा एचडब्ल्यूइन्फो किंवा थ्रॉटलस्टॉप, म्हणजे प्रोसेसरचा वेग, तापमान आणि मर्यादा दाखवणारे प्रोग्रॅम. तिथे मर्यादेचे कारण नावासकट दिसते: थर्मल (उष्णता), पॉवर लिमिट (वॅटची मर्यादा) किंवा बीडी प्रोचॉट (याचा अर्थ पुढे येतो). थ्रॉटलस्टॉपच्या लिमिट्स खिडकीत लाल चौकोन म्हणजे आत्ता चालू असलेली मर्यादा, पिवळा म्हणजे मघाशी लागून गेलेली.

नोव्हेंबरमधला बिघाड सगळ्यात फसवा होता. टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.३९ गिगाहर्ट्झ, माउस अडखळतोय, तापमान अवघे ४५ अंश आणि फॅन शांत. इतक्या थंड प्रोसेसरला कोणी रोखायचे काय कारण? थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी प्रोचॉट लाल होते. प्रोचॉट म्हणजे प्रोसेसर तापल्याचा इशारा, पण बीडी (बायडायरेक्शनल) असल्यावर तो दोन्ही दिशांनी चालतो. प्रोसेसर स्वतः थंड असला तरी मदरबोर्डला काही खटकले तर तो ही तार ओढतो आणि प्रोसेसर थेट ४०० मेगाहर्ट्झवर येतो.

इथे खटकत होता अडॅप्टर. गोल पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही; अडॅप्टरमधली एक छोटी चिप तिच्यातून 'मी ६५ वॅटचा आहे' एवढे सांगते. वायर अडॅप्टरच्या ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळत राहिले की पिनच्या मानेपाशी ही बारीक तार आतल्या आत तुटते. १९.५ व्होल्ट नीट येत राहतात, म्हणून दिवा लागतो, मल्टिमीटरही सगळे ठीक दाखवतो. पण किती वॅट मागायचे हे लॅपटॉपला कळत नाही, म्हणून तो बॅटरी चार्ज करणे थांबवतो आणि प्रोसेसर किमान वेगावर ठेवतो. 'प्लग्ड इन, पण चार्जिंग नाही' आणि ०.३९ हे दोन्ही एकत्र दिसले की नव्वद टक्के बोट इकडेच दाखवावे.

खात्री करायची सोपी रीत: अडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून पाहा. वेग परतला तर प्रोसेसर निर्दोष. या मॉडेलला टाइप-सीवरूनही चार्जिंग आहे, म्हणून ६५ वॅटचा पीडी (टाइप-सीवरून जास्त वॅट देणारा) चार्जर लावून पाहिला. वेग परतला, चार्जिंगही सुरू झाले, आणि दोष गोल पिनेच्या अडॅप्टरचा हे नक्की झाले. टाइप-सीची केबल मात्र बघून घ्या. साधी केबल ३ अँपिअरची असते, २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच जाते. पूर्ण ६५ वॅटला ३.२५ अँपिअर लागतात आणि त्यासाठी आत ओळखचिप असलेली ५ अँपिअरची केबल हवी.

नवा अडॅप्टर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) घ्यायला जाल तर लॅपटॉप सोबत न्या. पैसे देण्याआधी तिथेच अडॅप्टर लावून बायोस उघडा आणि अडॅप्टरच्या ओळीसमोर ६५ वॅट लिहून येते का बघा. 'अननोन' आले तर पिन कितीही घट्ट बसली तरी घेऊ नका. निम्म्या किमतीच्या बऱ्याच अडॅप्टरांत ती ओळखचिपच नसते. योग्य अडॅप्टर लावूनही वेग अडलेलाच राहिला तर लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा आणि पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावरच्या कंट्रोलरने धरून ठेवलेला इशारा त्याने सुटतो. इथे ते करावेच लागले.

थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी प्रोचॉटची खूण काढून टाका, लॅपटॉप पळायला लागेल, असा सल्ला व्हिडिओंत सर्रास दिसतो. पळतो हे खरे. पण तोच इशारा प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग तापल्यावरही येतो, आणि तेव्हा तो बंद असेल तर किंमत बोर्ड मोजतो. कारण शोधताना दोन मिनिटे खूण काढून पाहणे ठीक, कायमची काढणे धोक्याचे.

दुसरी खेप मार्चअखेरची, आणि ती सेटिंगमुळे. उन्हाळा लागला की 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, लॅपटॉप तापत नाही' हा सल्ला फिरू लागतो. जुन्या, २.५ गिगाहर्ट्झ बेस (कायम पेलणारा मूळ वेग) असलेल्या प्रोसेसरला तो चालून जाई. ९९ टक्क्यांनी टर्बो (गरजेपुरता बेसच्या वर जाणारा वेग) बंद होतो आणि वेग बेसवर येतो. पण आय५-१२३५यू मध्ये २ मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे गाभे) आणि ८ छोटे. मोठ्यांचा बेस अवघा १.३ गिगाहर्ट्झ, छोट्यांचा ०.९. यांची सारी धाव टर्बोवर, मोठ्या कोअरची ४.४ पर्यंत. म्हणजे एक टक्का कमी केल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात दोन तृतीयांशाहून जास्त वेग जातो. एक्सेलमध्ये मोठी शीट रिफ्रेश होताना हे लगेच जाणवते, आणि इव्हेंट ३७ कुठेच दिसत नाही.

वेगाला लगाम घालायचाच असेल तर मेगाहर्ट्झमध्ये घाला. विंडोजमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर फ्रिक्वेन्सी' हे सेटिंग असते, फक्त लपवलेले. अशा मिश्र कोअरच्या प्रोसेसरला ते दोन असतात: साधे पीआरओसीएफआरईक्यूएमएएक्स छोट्या कोअरसाठी, आणि शेवटी १ लावलेले मोठ्या कोअरसाठी. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या पॉवर सेटिंगच्या कमांडच्या सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्विचने (अक्षरे अर्थात रोमनमध्ये) चालू प्लॅनच्या प्रोसेसर गटात दुसऱ्या सेटिंगला २८०० द्यायचे, बॅटरीसाठी तेच सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्सने. मग सेटअॅक्टिव्हने प्लॅन पुन्हा लागू करायचा. ही शेवटची पायरी विसरली की काहीच बदलत नाही. शून्य दिले की मर्यादा उठते. २८०० वर टॅली, एक्सेल, कॉल यांत फरक कळत नाही, फॅन मात्र बराच शांत होतो. वरच्या टोकाच्या वेगासाठी व्होल्टेज वाढवावे लागते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात.

मिनिमम स्टेट ५ टक्के आणि कूलिंग पॉलिसी अॅक्टिव्ह ठेवा. पॅसिव्हमध्ये आधी वेग पडतो आणि मग फॅन वाढतो. सगळाच गुंता झाला तर पॉवरसीएफजीच्या रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्सने मूळ प्लॅन परत येतात, पण स्वतः बनवलेले प्लॅन पुसले जातात. आणि लॅपटॉप कंपनीच्या अॅपमधला शांत मोड या सगळ्यावर वरचढ ठरतो. बायोस अपडेटनंतर तो आपोआप परत लागलेला सापडला.

तिसरी खेप एप्रिलची, आणि ती खास इथल्या हवेची. कंपनीने सलग कामासाठी २० वॅटची मर्यादा ठेवली आहे. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत २० वॅटवर प्रोसेसर ७४ अंशांवर स्थिर राहत होता. म्हणजे खोलीपेक्षा ५४ अंश वर, दर वॅटला २.७ अंश. फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली जितकी तापेल तितकाच आकडा वर सरकतो. स्लॅबखालच्या ४० अंशांच्या खोलीत तोच लॅपटॉप ९४ वर जाणार, आणि याचे फर्मवेअर ९५ ला हात आखडते (चिपची स्वतःची कमाल मर्यादा १०० आहे). म्हणजे मे महिन्यात दुपारी एक अंशाचीच फुरसत उरते. हा बिघाड नाही, ही साधी बेरीज आहे.

पण एप्रिलमध्ये ३४ अंशांच्या खोलीतच तो ९५ ला टेकला आणि जेमतेम १५-१६ वॅट पेलू लागला. दर वॅटला जवळपास ३.९ अंश. हा हिशेब धूळ दाखवतो. कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवला की हवा थंड मिळते खरी, पण ती ओलसर असते आणि ताट्यांतून सुटलेल्या बारीक काड्या नि धूळ सोबत आणते. पाठ उघडल्यावर फॅनची पाती बरी दिसली. थर होता तो फॅन आणि तांब्याच्या फिन (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या) यांच्या सांध्यावर: राखाडी, नमद्यासारखा दाबून बसलेला, चिमट्याने धरला की अखंड पट्टी निघून येणारा. बाहेरून जाळीतून हवा मारली तर हा थर निघत नाही, उलट आत घट्ट बसतो.

साफ करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावे म्हणून अर्धवटच बंद होण्याची विंडोजची सोय) आड येत नाही. मागचे झाकण उघडताच सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. फॅन बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा, मोकळा फिरू दिला तर त्याचे बेअरिंग बिघडते. पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलायची असेल तर हीटसिंकवरचे स्क्रू कोरलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा करत सैल करा, बसवताना सुलट क्रमाने. खाली दोन चकचकीत चौकटी दिसतात, मोठी प्रोसेसरची आणि धाकटी चिपसेटची. दोन्ही ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोठीवर मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट, धाकटीवर त्याच्या निम्मी, पातळ पसरून. सफाईनंतर त्याच ३४ अंशांच्या खोलीत २० वॅटवर ९० अंश आले, म्हणजे दर वॅटला २.८. तेव्हापासून लॅपटॉप झोतात न ठेवता कूलरच्या बाजूला, मागची कड दोन सेंटिमीटर उचलून ठेवलेला आहे.

राहिले स्लीपचे. पॉवरसीएफजी /ए ही कमांड दिल्यावर या लॅपटॉपला फक्त एस० स्टँडबाय आहे, जुना एस३ (जवळपास सगळे बंद करणारा स्लीप) नाही, हे दिसते. म्हणजे झाकण मिटले तरी नेटवर्क आणि अपडेट जागे राहू शकतात. बॅगेत हवा नाही, बॅग गाडीच्या डिकीत आणि बाहेर ४४ अंश: बॅटरीला याहून वाईट दुपार नसेल. स्लीपस्टडीचा अहवाल काढला की कोणी जागे ठेवले ते नावानिशी कळते, पण खरा उपाय झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम एसएसडीवर लिहून पूर्ण बंद होणे) निवडण्याचा. उघडल्यावर दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, आणि लॅपटॉप डिकीतून निघतो तो डिकीइतकाच गरम, त्याहून जास्त नाही.