रिपीटर, परीक्षावर्ग की फॉक्स हंट? मरगळलेल्या हॅम क्लबने आधी काय करावं

यादीत चाळीस नावं, मासिक बैठकीला सहा माणसं, त्यातली दोन चहासाठी. हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांचा, क्लब चालवणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. मग कुणीतरी म्हणतं, "आपण काहीतरी केलं पाहिजे." हे "काहीतरी" म्हणजे साधारण चारपैकी एक असतं: डोंगरावर रिपीटर (खालचा क्षीण सिग्नल ऐकून तोच जोरात पुढे पाठवणारा सेट) बसवणं, लायसन्सच्या परीक्षेचे वर्ग घेणं, रविवारी फॉक्स हंट (लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ) खेळणं, नाहीतर आपत्कालीन सराव. आमच्या तालुक्याच्या गावातल्या क्लबने हे चारही करून पाहिलंय. सगळं एकदम करायला पैसेही नसतात आणि माणसंही नसतात. त्यामुळे आधी काय करावं, एवढ्यापुरतंच सांगतो.

रिपीटरपासून सुरू करतो, कारण बैठकीत सगळ्यात आधी हात त्यालाच वर होतात. आणि त्यात चूक काही नाही, सह्याद्रीसारखी जागा मिळाल्यावर मोह होणारच. सिंहगड आसपासच्या जमिनीपासून साधारण ७६० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून दोन मीटर बँडचं, म्हणजे असे रिपीटर सहसा वापरतात त्या लहरींचं, क्षितिज हिशेबाने शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. खाली घरात बसून हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर) शेजारचं गावही न मिळणारा माणूस वर रिपीटर असला की दुसऱ्या जिल्ह्याशी बोलतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, हे खरंच आहे.

पण खर्चाचा हिशेब लोक चुकीचा धरतात. सेट स्वस्त पडतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकत असताना फक्त ६०० किलोहर्ट्झ बाजूला, त्याच क्षणी, स्वतः बोलत असतो. आपल्याच आवाजाने आपलेच कान बंद होऊ नयेत म्हणून डुप्लेक्सर लागतो, म्हणजे ती धातूची जाडजूड नळकांडी, आणि पैसे तिथे जातात. त्यावर चांगली केबल, बॅटरी, सोलर पॅनल, वीज पडलीच तर ती जमिनीत जावी म्हणून अर्थिंग, वेगळी परवानगी. शिवाय जुलैच्या पावसात वर चढून जाईल असा एक माणूस, आणि तो विकत मिळत नाही.

आमच्या रिपीटरवर संध्याकाळच्या नेटला, म्हणजे ठरल्या वेळच्या एकत्र गप्पांना, पहिल्या आठवड्यात बावीस चेक-इन (हजेऱ्या) झाले. दिवाळी आली तोवर पाच उरले, आणि पाचही आवाज पन्नाशीच्या पुढचे. "रिपोर्ट पाच-नऊ, आमच्याकडे पाऊस नाही, सेव्हन्टी थ्री." म्हणजे ऐकू छान येतंय, पाऊस नाही, नमस्कार. बोलायची सोय झाली होती, बोलण्यासारखं काही घडत नव्हतं.

परीक्षावर्गाची गोष्ट याच्या उलट. खर्च जवळजवळ नाही: शाळेची एक खोली, फळा, आणि ओहमचा नियम न कंटाळता सातव्यांदा सांगणारे एक निवृत्त मास्तर. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. लायसन्सच्या दोन पायऱ्या: रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स आहे. नव्या मुलांना आधी रिस्ट्रिक्टेडलाच बसवावं, असं माझं मत आहे. मोर्सची गोडी लागायची तर ती नंतर लागते, आणि लागली की सुटत नाही.

वर्गात गर्दीही होते. वर्ष संपताना अहवालात लिहायला आकडा मिळतो. क्लब पोखरला जातो तो इथेच, आणि हे कळायला आम्हाला दोन बॅचेस लागल्या. परीक्षा झाली की निकाल, मग अर्ज, मग कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव, हातात येणं, यात महिने जातात. त्या काळात आम्ही काय केलं? मुलांना व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं, अंगठे दाखवले आणि गप्प बसलो. त्यातल्या एकाचं लायसन्स आलं तेव्हा त्याने फोन केला, "काका, लायसन्स आलं. आता बोलू कोणाशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने हँडी घेतलीच नाही. पुढे तो इंजिनीअरिंगला पुण्याला गेला.

माणसं कंटाळून जातात असं आपण म्हणतो, पण नव्या माणसाला कंटाळायला तरी काही दिलेलं असावं लागतं. चारही पर्यायांकडे मी आता एकाच प्रश्नाने बघतो: कॉलसाइन नसलेला पोरगा पहिल्या महिन्यात हाताने काय करेल?

फॉक्स हंट या प्रश्नाला सगळ्यात सरळ उत्तर देतो. एकजण छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवतो, तो ठरावीक वेळाने सिग्नल देतो, आणि बाकीच्यांनी अँटेना फिरवत तो शोधायचा. शोधणाऱ्याला फक्त ऐकायचं असतं. आमच्याकडे प्रत्येक टोळीत लायसन्स असलेला एकजण असतो, सेट त्याच्या ताब्यात, आणि पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

खरी मजा आदल्या शनिवारी असते, अँटेना करताना. हार्डवेअरच्या दुकानातली सुताराची पिवळी स्टीलची टेप, पीव्हीसी पाइपचा तुकडा, चार क्लॅम्प आणि थोडी कोॲक्स केबल, एवढ्यात तीन एलिमेंटची (आडव्या पट्ट्यांची) यागी होते, म्हणजे एकाच दिशेला जास्त ऐकणारी अँटेना. मागचा रिफ्लेक्टर १०५ सेंटिमीटर, पुढचा डायरेक्टर ८९, आणि मधला, केबल जोडायचा ड्रिव्हन एलिमेंट ४५-४५ च्या दोन तुकड्यांचा. मागची फट २० सेंटिमीटर, पुढची ३२. मधल्या दोन तुकड्यांना जोडणारी तारेची एक छोटी हेअरपिन असते, ती विसरली की एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळत नाही त्याचं माप) वर जातो आणि सगळे सोल्डरिंग करणाऱ्याला शिव्या देतात. टेपवरचा पिवळा रंग सँडपेपरने घासून काढल्याशिवाय सोल्डर चिकटत नाही. हे पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही, एकदा बोट भाजलं की राहतं. टेपची अँटेना झुडपात अडकली तर वाकते आणि पुन्हा ताठ होते, म्हणून पोरांच्या हातात द्यायला हीच बरी.

दुसऱ्या दिवशी मैदानात खरं शिक्षण होतं. लांबून दिशा चटकन सापडते. जवळ गेलं की सिग्नल इतका जोराचा होतो की अँटेना कुठेही वळवा, मीटर पूर्ण भरलेला. मग पाच किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करायचं, नाहीतर सेट छातीशी धरून स्वतःभोवती गोल फिरायचं. सिग्नल सगळ्यात कमी होतो तेव्हा फॉक्स आपल्या पाठीमागे असतो. नववीतल्या एका मुलीने ही युक्ती वापरून ट्रान्समीटर पाण्याच्या टाकीमागच्या शेणीच्या ढिगात शोधला. आम्ही तिघं जाणते अजून टाकीच्या पुढेच फिरत होतो. त्यानंतर ती एकही रविवार चुकली नाही, आणि तिचे वडील आता यादीत आहेत.

उणीव म्हणाल तर अशी की जुन्या सभासदांना गुडघे असतात. ते घरी एफटी-एटवर, म्हणजे कॉम्प्युटरने पंधरा-पंधरा सेकंदांचे निरोप पाठवायच्या पद्धतीवर, संपर्क मोजत बसलेले असतात, उन्हात यायला तयार नसतात. त्यांना फॉक्स लपवायला सांगावं. दुष्टपणात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

आपत्कालीन सरावाबद्दल मनात आदर आहे, आणि थोडी शंकाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा अंदमानात डीएक्सपेडिशनसाठी (दुर्मिळ ठिकाणाहून रेडिओवर बोलायच्या मोहिमेसाठी) गेलेल्या हॅम भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये रेडिओवर होत्या, आणि तिथून निरोप बाहेर गेले. २०१९ चा पूर पाहिलेल्या आमच्या भागात हे सांगितलं की सगळे ताठ बसतात. पण सराव वर्षातून एकदा होतो, जाकिटं वाटली जातात, फोटो निघतात, आणि पुढे सारं शांत.

यातला एक भाग मात्र महिन्याला करण्यासारखा आहे: निरोप शब्दशः पोचवणं. आम्ही एक कागद दिला, "दत्त मंदिराजवळ बोटीत सहा जण, बारा वर्षांचा मुलगा, एक बाळंतीण." तिसऱ्या स्टेशनवर तो "बारा मुलं आणि एक बाळ" झाला. हसून पुरे झाल्यावर सगळ्यांनी आपणहून लिहून घेणं आणि परत वाचून दाखवणं सुरू केलं.

अवकाश स्थानक ऐकणं हा पाचवा पर्याय म्हणून कुणी सुचवेल. एका संध्याकाळपुरता उत्तम. १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीकधी चित्रं येतात, पास, म्हणजे स्थानक आपल्यावरून जाण्याचा वेळ, दहाएक मिनिटांचा असतो, शाळेतली मुलं थक्क होतात. पण त्यावर वर्ष निघत नाही.

तेव्हा निवड अशी. तीसेक लायसन्सधारक वेगवेगळ्या तालुक्यांत विखुरलेले असतील आणि एकमेकांना ऐकूच येत नसतील, तर रिपीटर घ्या, मात्र नेटला दर वेळी एक काम जोडा. निरोपाचा कागद त्यासाठी बरा. जवळ शाळा-कॉलेज असेल तर वर्ग घ्या, पण परीक्षेनंतरच्या पहिल्या चार रविवारांचं काय, ते आधी ठरवून. आणि आमच्यासारखी सहा माणसं आणि चहा असेल, तर दोन टेपा आणि एक पाइप आणा. आमचा रिपीटर परवाच्या वादळात बंद पडला. दुरुस्तीला वर कोण जाणार, हा प्रश्न या वेळी बैठकीत विचारावा लागला नाही. ती मुलगी आणि तिचे वडील रविवारी निघालेत.