शिसं सोडताय? हरणासाठी तांब्याची गोळी: विकतची की घरी भरलेली

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हंगामात हरणामागे जाणारी मराठी माणसं थोडी आहेत, पण आहेत. त्यांच्याकडून ठरलेला प्रश्न येतो: "308 रायफल आहे, आजवर 165 ग्रेनची शिशाची गोळी वापरली. आता तांब्याची कुठली घेऊ, आणि काडतुसं विकत आणू की घरीच भरू?" 308 हे काडतुसाचं माप, ग्रेन हे गोळीच्या वजनाचं; आणि घरी भरणं म्हणजे दारू आणि गोळी बसवून काडतूस स्वतः तयार करणं. (भारतात हा विषय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटवला. तिथे चितळ-सांबर दुर्बिणीतूनच बघायचं.)

कॅलिफोर्नियात घ्यायची की नाही हा प्रश्न उरलेला नाही. 1 जुलै 2019 पासून राज्यात कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. यामागे कॉन्डोर गिधाड आहे. हरीण साफ करून कोथळा रानात टाकला की कॉन्डोर तो खातं, आणि त्यातले शिशाचे कण त्याच्या पोटात जातात. 1982 मध्ये हे पक्षी जेमतेम 22 उरले होते. आपल्याकडची गिधाडं गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने मेली. दोन्हीकडे विष आलं ते मेलेल्या जनावरातूनच.

जिथे शिसं अजून चालतं, तिथे मात्र खरी निवड करावी लागते. शिशाची गोळी स्वस्त पडते, वेग कमी झाला तरी फुलते (आदळल्यावर तोंड उमलून रुंद होते) आणि रायफलीचे फारसे नखरे काढायला लावत नाही. पण ती आत फुटते. मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने 2008 मध्ये मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून तपासणी केली, तेव्हा शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब, वीतभराच्याही पलीकडे सापडले. पाण्याने धुतल्यावर शिसं जायचं तर राहिलंच, उलट पसरलं. आपण खांद्याचं मांस खिम्याला घालतो आणि तोच खिमा पोरांच्या ताटात जातो. माझा निर्णय इथेच झाला. पुढचं सगळं तांब्यातल्या तांब्यात काय निवडायचं याबद्दल आहे.

सगळा हिशोब घनतेपासून सुरू होतो. शिशाची घनता 11.34, तांब्याची 8.96. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर फिरवायला नळीच्या आतल्या खाचांना जास्त घट्ट पीळ लागतो, आणि तीच गोळी केसमधली, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातली, दारूची जागाही खाते. म्हणून नेहमीच्या वजनावरून एक पायरी खाली उतरायचं: 165 ऐवजी 150, वाटल्यास 130. ग्रेन डोक्यात बसत नसेल तर सोनाराकडे जा. 180 ग्रेनचा एक तोळा, 15 ग्रेनचा एक मासा. 150 ग्रेनची गोळी म्हणजे दहा मासे.

"हलकी गोळी हरणाला पुरेल का?" ही भीती शिशाच्या काळातली आहे. तिथे गोळी अंगात शिरल्यावर वजन गमावत जाते, म्हणून जड घ्यावी लागायची. तांब्याची गोळी फुलल्यावरही जवळजवळ पूर्ण वजनानिशी आरपार जाते. तिला हवा असतो वेग. कडक तांब्याच्या पाकळ्या उघडायला आदळतानाचा वेग सेकंदाला 1800 ते 2000 फूट तरी लागतो, नाहीतर ती पेन्सिलीसारखं भोक पाडून निघून जाते. 308 मधून 150 ग्रेनची गोळी साधारण 2800 ने निघाली तर 400 यार्डांच्या आसपास ती 2000 पर्यंत उतरते. नळी आखूड असेल तर ही हद्द आणखी अलीकडे येते. वजन वाढवलंत की वेग घटतो, आणि तांब्यात तो सौदा तोट्याचा.

आता नावं. गोळ्या बनवणाऱ्या बार्न्स कंपनीने 1989 मध्ये पूर्ण तांब्याची एक्स गोळी आणली आणि हा प्रकार शिकाऱ्यांमध्ये रुळला. पण ती नळीत तांब्याचा थर फार सोडायची. नंतरच्या टीएसएक्सच्या अंगावर खाचा कोरल्या, तेव्हा थर आणि दाब दोन्ही आवाक्यात आले. टीटीएसएक्स म्हणजे तीच गोळी, टोकाला प्लास्टिकची चोच लावलेली. पहिल्यांदा तांब्याकडे वळणाऱ्याला मी हीच सांगतो, कारण हिची भरण्याची माहिती सगळ्यात सहज मिळते. हॉर्नाडीची सीएक्स तिच्या बरोबरीची आहे. दोघींपैकी तुमच्या रायफलीला जी आवडेल ती घ्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हॅमरसारख्या गोळ्यांचा स्वभाव निराळा: पुढच्या पाकळ्या आत सुट्या होऊन उडतात आणि उरलेला दांडा आरपार जातो. अशा गोळीने हरीण कमी पळतं असं काहीजण सांगतात, पण पाकळ्या मांसात राहतात. त्या तांब्याच्या असतात हे खरं, तरी दाताखाली कचकन येतातच.

थर्टी-थर्टी काडतुसाची रायफल वापरणाऱ्यांनी इथे थांबावं. नळकांड्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळीची चोच पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, टेकते आणि धक्क्याने ते उडू शकतं. तिथे चपट्या तोंडाचीच गोळी हवी. आणि कुठलंही तांबं चालत नाही हेही लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात हरणासाठी गोळी फुलणारीच लागते.

राहिला विकतची की घरची हा प्रश्न. वर्षाला एक हरीण आणि मैदानावर 40 बार, एवढाच खर्च असेल तर तयार काडतुसं आणा. दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी झाडून बघा, जमेल ती ठेवा. काडतुसं भरायचं प्रेस, तराजू, डाय (साचे) यांचे पैसे वसूल व्हायला बरेच हंगाम जातात. आधीपासून घरी भरत असाल, किंवा रायफल विकतच्या काडतुसांवर रुसलेली असेल, तर भरण्यात खरी मजा आहे. खर्च मात्र आधीच धरून ठेवा: तांब्याच्या गोळ्यांच्या खोक्यात बहुतेक वेळा 50 नग असतात, तर साध्या शिशाच्या गोळ्या तेवढ्याच पैशांत 100 येतात.

भरताना जुनी सवय नडते. शिशाच्या 150 ची दारू तांब्याच्या 150 ला लावू नका. गोळी लांब, कडक आणि केसमध्ये खोल बसलेली असते, दाब वेगळा येतो. त्या गोळीच्या निर्मात्याने त्या गोळीसाठी छापलेलंच माप घ्या, सर्वात खालच्या आकड्यापासून सुरू करा आणि केसवर दाबाच्या खुणा बघत चढा. दुसरी गोष्ट गोळी बसवण्याची. शिशात गोळी पिळाच्या सुरुवातीला जवळजवळ टेकवून अचूकता मिळवायची सवय असते. तांब्याला उडी, म्हणजे पिळाआधी थोडं मोकळं अंतर, आवडते. बार्न्स किमान 0.05 इंच अंतर सोडून सुरुवात करायला सांगते. माझ्या 308 ला त्याहून थोडं जास्त लागलं, आणि तिथे पोचेपर्यंत तीन संध्याकाळी गेल्या.

पण त्याआधी मी एक महिना वाया घालवला होता. गोळ्या बदलल्या, दारू बदलली, निशाण फाकलेलंच. दोष ना गोळीचा होता ना मापाचा. शिशाच्या जुन्या गोळ्यांवरच्या तांब्याच्या आवरणाचा वर्षानुवर्षं साठलेला थर मी काढलाच नव्हता. तांबं विरघळवणारं द्रावण घालून नळी घासली तेव्हा पहिले काही बोळे निळे निघाले. मग स्वच्छ नळीतून चार-पाच बार काढले आणि पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जाऊ लागली.

मैदानावर जुळलं तरी रानात नेम थोडा बदला. शिशाच्या सवयीने आपण खांद्यामागे फुप्फुसात मारतो. तांब्याच्या गोळीने तिथे लागलेलं हरीण मरतं, पण कधी 70-80 यार्ड पळतं, आणि ओकच्या झुडपात तेवढं अंतर पुष्कळ होतं. मी आता खांद्याच्या हाडावरच धरतो. तिथे थोडं मांस जातं खरं, पण उरलेल्या खांद्याचा खिमा निर्धास्त होतो. घरी भरलेल्या काडतुसांवर छाप नसते, म्हणून गोळ्यांचं मूळ खोकं गाडीत ठेवतो. वन्यजीव खात्याच्या वॉर्डनने विचारलं तर गोळी शिशाची नाही हे दाखवायला.