मोल्ड टेम्परेचर कंट्रोलर (पाण्यावरचा): गिअर सुधारले, भोंग्याने वात आणला

मोल्डमधून (साच्यातून) तापवलेलं पाणी फिरवणारं हे मशीन. परवा याचा हीटर जळाला आणि कंपनीने वॉरंटीत घ्यायला नकार दिला, म्हणून लिहायला बसलोय. किलोवॉट, पंपाचा फ्लो वगैरे ब्रोशरमध्ये आहेच, ते परत टंकत नाही. आमचं भोसरीत छोटं युनिट आहे, काम मुख्यतः डेलरिन या प्लास्टिकच्या गिअरचं.

आधी भोंगा. सकाळी मशीन लावलं की पाणी गार आणि सेटिंग ९० अंश. तापमान सेटिंगपेक्षा कमी दिसलं की हा बोंबलायला लागतो, आणि पाणी तापेपर्यंत थांबत नाही. बटण दाबलं की मिनिटभर गप्प, मग पुन्हा सुरू. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी तर मोल्डसुद्धा थंडगार असतो. शेजारचा गाळेवाला येऊन विचारतो, आग लागली का? एवढे पैसे मोजलेल्या मशीनमध्ये सुरुवातीपुरता एक टायमर टाकायला काय जात होतं? ऑपरेटरने शेवटी भोंग्यावर टेप मारली. मी काढायला लावली नाही.

घेतलं ते श्रिंकेजपायी, म्हणजे पार्ट आकसतो त्यापायी. वायपर मोटरचे गिअर आमच्याकडे व्हर्निअरवर चोख यायचे आणि पार्टीकडे गरम होऊन आले की ढिले. कारण साधं आहे. डेलरिन १७५ अंशांच्या आसपास वितळतं. वितळलेल्या मालात रेणूंच्या लांब साखळ्या कशाही गुंतलेल्या असतात. गार होताना त्या घड्या घालून थर रचतात आणि एका बिंदूपासून चहूकडे वाढत त्यांचे स्फटिकी गोळे होतात, त्यांना स्फेरुलाइट म्हणतात. घडी घातलेली साखळी कमी जागेत मावते, म्हणून पार्ट आकसतो, डेलरिनमध्ये साधारण २ टक्के. मोल्डला कूलिंग टॉवरचं गार पाणी असलं की पोलादाला टेकलेली कातडी जागच्या जागी गोठते, साखळ्यांना घड्या घालायला उसंतच मिळत नाही. आतला गाभा सावकाश गार होतो, तिथे गोळे मोठे. कातडीतलं राहिलेलं काम पार्ट पुन्हा तापला की पुरं होतं, पण तेव्हा तो मोल्डमध्ये नसतो, गिरगिरत असतो.

मोल्ड ९० अंशांवर ठेवला की हे आकसणं मोल्डमध्येच उरकतं. कागदावर पटलं होतं. पण सायकल टाइम (एकदा माल काढायला लागणारा वेळ) २५ सेकंदांवरून ३३ वर गेला, विजेचं बिल वाढलं, साध्या नळ्या मऊ पडून फुगल्या म्हणून जाळीच्या टेफ्लॉन होज घ्याव्या लागल्या, आणि मोल्डची उष्णता प्लेटन (मोल्ड बसवायची मशीनची प्लेट) ओढून घेतो म्हणून मध्ये बॅकेलाइटची शीट टाकावी लागली. हे खर्च विकताना कोणी सांगत नाही. एवढं करून पार्टीने दर वाढवून दिला नाही. त्या हिशोबाने मी याला दोनच तारे देणार होतो.

मग हीटर जळाला. टाकीतलं पाणी उतरलं होतं, फ्लोटने सप्लाय तोडायला हवा होता, पण कॉन्टॅक्टरचे (हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले. भोंगा वाजला असेल, टेपखालून कोणाला ऐकू येणार? आणि ऐकू आला असता तरी रोज विनाकारण ओरडणाऱ्याकडे बघतो कोण! सर्व्हिसवाल्याने हीटर बाहेर काढला, त्यावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं पाणी खराब. क्षार बसलाय, हे वॉरंटीत नाही." मी कॉन्टॅक्टर उघडून काळे पडलेले पॉइंट त्याच्यासमोर धरले. मग त्याने फोटो काढून वर पाठवले.

दरम्यान ऑर्डर थांबवता येईना, म्हणून टॉवरच्या पाण्यावर माल काढला. सायकल परत २५ सेकंद, क्षणभर बरंही वाटलं. त्यातले गिअर आणि आधीचे गरम मोल्डमधले गिअर एकाच ट्रेमध्ये ओव्हनला लावले, गार झाल्यावर मोजले. टॉवरवाले ०.१ मिमीने उतरले, मोल्ड गरम ठेवून काढलेल्यांत व्हर्निअरला पकडण्यासारखा फरक नव्हता. पार्टीकडून रिजेक्शन का थांबलं होतं ते या ट्रेने दाखवलं. परत आलेल्या मालाची वाहतूक आणि सॉर्टिंगची मजुरी धरली तर ते आठ सेकंद स्वस्त पडतात. तारे चार. पाचवा भोंग्याने खाल्ला.

पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) पारदर्शक झाकणांच्या मोल्डला मात्र हे जोडू नका. तिथे मोल्ड गरम ठेवला तर गोळे मोठे होतात, प्रकाश विखुरतो आणि झाकण दुधाळ दिसतं. त्याला गार पाणी बरं, नाहीतर क्लॅरिफायर घातलेला ग्रेड घ्या. त्यात स्फटिक सुरू होण्याची बीजं भरपूर असल्याने गोळे वाढायच्या आधीच एकमेकांना भिडतात. पॉलिस्टायरीनवाल्यांना श्रिंकेजसाठी हे घेण्यात अर्थ नाही, साधं पॉलिस्टायरीन स्फटिक बनवतच नाही.

ताजी खबर: कंपनीने हीटर अर्ध्या किमतीत दिला, कॉन्टॅक्टर फुकट. व्हिजिट चार्ज लावलाय, तो मी भरणार नाही. टाकीत आता आरओचं पाणी घालतो. भोंग्याची वायर मीच कापली आणि तिथे लाल दिवा लावला, ऑपरेटरच्या टेबलासमोर.