‘एस३ कंपॅटिबल’ची पाटी किती खरी? एस३-टेस्ट्स काही महिने वापरल्यानंतर

आमचं ऑफिस नागपूरच्या आयटी पार्कात, आणि काम कागदपत्रं साठवून देण्याचं: पतसंस्थांचे कर्जाचे अर्ज, स्कॅन केलेले सातबारे, बाजार समित्यांच्या पावत्या. हे सगळं ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइली नावानिशी ठेवायच्या ऑनलाइन साठ्यात जातं. बाहेरचे दोन प्रोव्हायडर आहेत आणि एक आमचा स्वतःचा छोटा क्लस्टर. तिन्हीकडे पाटी एकच, ‘एस३ कंपॅटिबल’, म्हणजे ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सेवेसारखंच वागणारं. उद्या एकाचे दर वाढले तर दुसऱ्याकडे उचलून नेता यावं, हा सगळा हिशेब त्या पाटीवर उभा आहे. म्हणून ती तपासायला ‘सेफ’ या ओपन सोर्स स्टोरेज प्रकल्पाचा एस३-टेस्ट्स हा चाचणीसंच गेल्या उन्हाळ्यापासून वापरतोय.

ॲमेझॉनने एस३ मार्च २००६ मध्ये सुरू केलं. पुढे बाकीच्यांनी तोच एपीआय (प्रोग्रामने सेवेशी बोलायची पद्धत) उचलला, पण त्याला कुठल्या मानक संस्थेचा शिक्का नाही. ॲमेझॉनचा सर्व्हर जसा वागतो तेच प्रमाण. हा संचही स्वतःला अनधिकृतच म्हणवतो. पायथनमध्ये आहे, एस३शी बोलणारी बोटो३ ही ॲमेझॉनची लायब्ररी वापरतो, पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनावर चालतो. मुळात तो सर्व्हर बनवणाऱ्यांसाठी आहे, आमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी नाही. हे आधीच लक्षात घेतलं तर पुढची चिडचिड बरीच वाचते.

पहिली चिडचिड सेटअपची. कॉन्फिग फाइलमध्ये एक मुख्य युजर, एक पर्यायी युजर, शिवाय टेनंट (एकाच सर्व्हरवरचे वेगळे ग्राहक) आणि आयॲम (परवानग्यांची व्यवस्था) यांचे वेगळे विभाग. स्वतःच्या क्लस्टरवर हे पाच मिनिटांचं काम. बाहेरच्या प्रोव्हायडरकडे मात्र दुसरं खातं उघडायलाच केवायसी आणि जीएसटीचे कागद लागले. त्याच फाइलमध्ये बकेटच्या (फाइली ठेवायच्या कप्प्याच्या) नावाचा प्रीफिक्स, म्हणजे सुरुवातीची अक्षरं द्यावी लागतात, आणि चाचणी आटोपली की त्या प्रीफिक्सने सुरू होणारे सगळे बकेट संच पुसून टाकतो. आतल्या फाइलींसकट. त्यामुळे चाचणीचं खातं पूर्ण वेगळंच हवं. आमच्याकडे नवा मुलगा कॉन्फिग भरायला बसला की मागून कोणीतरी विचारतंच, “प्रॉडक्शनच्या कीज टाकून राहिला का बे?” म्हणजे खऱ्या डेटाच्या खात्याच्या चाव्या.

आणखी एक. संच हजारो छोट्या रिक्वेस्ट एकामागून एक पाठवतो आणि प्रत्येकीच्या उत्तराची वाट पाहतो. ऑफिसच्या लाइनवरून चालवला तर जेवून आलो तरी चालूच असतो. प्रोव्हायडरच्याच रिजनमध्ये (त्याच्या डेटा सेंटरच्या भागात) छोटं व्हीएम, म्हणजे भाड्याचा आभासी संगणक घेऊन तिथून चालवा.

आता निकाल. शेवटी पास-फेलचा जो आकडा येतो त्याला काडीचा अर्थ नाही. एका प्रोव्हायडरकडे लालच लाल दिसलं. उघडून पाहिलं तर बहुतेक एसीएल व बकेट पॉलिसी (कोणाला काय परवानगी) आणि ऑब्जेक्ट लॉक (फाइल पुसू न देणं) यांच्या चाचण्या, ज्यांना आमचा कोड हातही लावत नाही. दुसऱ्याकडे मोजकेच फेल, पण त्यातले दोन थेट आमच्या मुळावर. म्हणून आम्ही आमच्या ॲपच्या लॉगमधून प्रत्यक्ष वापरात असलेल्या कॉल्सची यादी काढली, आणि संचातल्या तेवढ्याच चाचण्या निवडून चालवतो. ॲमेझॉनवरच फेल होणाऱ्या चाचण्यांना संचात वेगळी खूण आहे, त्या गाळता येतात. पण खूण कधीची आहे ते बघून घ्या, ॲमेझॉन स्वतःही बदलतं.

खरा फायदा कळला तो फेलचे प्रकार पाहताना. ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ असं ५०१ उत्तर देणारा सर्व्हर मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मग येतात उदार सर्व्हर. मल्टिपार्ट अपलोडमध्ये, म्हणजे मोठी फाइल तुकड्यांनी चढवताना, शेवटचा तुकडा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा हवा, नाहीतर ॲमेझॉन ‘एंटिटी टू स्मॉल’ म्हणून ४०० देतं. एका प्रोव्हायडरने एकेक एमबीचे तुकडे मुकाट घेतले. बरं वाटतं, पण त्या सवयीवर लिहिलेला कोड दुसरीकडे नेला की आपटतो. आणि सर्वांत वाईट ते गप्प बसणारे. रिक्वेस्टला ‘इफ-नन-मॅच’ हेडर (‘या नावाची फाइल नसेल तरच’ ही अट) लावून पुट केलं, म्हणजे फाइल चढवली, तर त्या नावाची फाइल आधीच असल्यास ४१२ (‘अट पूर्ण नाही’) यायला हवं. ॲमेझॉनने ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये दिली. आमच्या एका प्रोव्हायडरने हेडरकडे पाहिलंच नाही, सरळ २०० (‘झालं’) देऊन जुनी फाइल पुसली. एकाच पावतीवर दोन वर्कर (काम करणारे प्रोग्राम) धावले तर दोघांनाही वाटणार की आपणच पहिले. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. चाचणीशिवाय हे कोणाच्या बापाला कळलं नसतं.

देवनागरीच्या चाचण्या मात्र आम्ही स्वतः जोडल्या, आणि जमलं तर तुम्हीही जोडा. एस३ मध्ये की ची, म्हणजे फाइलच्या पूर्ण नावाची, मर्यादा १,०२४ बाइट्सची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, म्हणजे फार तर ३४१ चिन्हं. एकटा ‘ज्ञ’ ९ बाइट्सचा. तालुका, गाव, गट क्रमांक, खातेदाराचं पूर्ण नाव असे फोल्डर लावत गेलं की मर्यादा जवळ येते. त्याहून खट्याळ म्हणजे ‘शेतकऱ्यांची यादी’. त्यातला ‘ऱ्य’ कीबोर्डनुसार तीन प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर तिन्ही सारखेच. एस३ फक्त बाइट्स बघतं, म्हणून त्या तीन वेगळ्या फाइली. एका प्रोव्हायडरकडे पहिल्या दोन एकच धरल्या गेल्या आणि नंतरची फाइल आधीच्या फाइलीवर बसली. मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीच्या नोंदीत) तर सरळ मराठी टाकताच येत नाही, बोटो३ दारातच अडवतं. एन्कोड करून टाकावं लागतं, आणि तेही एकूण २ केबीत.

एकदा पास झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बोटो३ च्या १.३६ आवृत्तीपासून अपलोडला आपोआप चेकसम (डेटा जसाच्या तसा पोचला का ते तपासणारा आकडा) लागू लागला, आणि तो न समजणाऱ्या बऱ्याच कंपॅटिबल सर्व्हरांवर चालती अपलोड बंद पडली. सर्व्हर तोच, तुमचा कोड तोच, मधली लायब्ररी बदलली. सेटिंगमध्ये ‘गरज असेल तेव्हाच’ असं सांगितलं की चालतं. म्हणून आता लायब्ररीची आवृत्ती बांधून ठेवली आहे, आणि ती उचलायच्या आधी संच तिन्ही ठिकाणी चालतो. लॅपटॉपवर मोटो किंवा लोकलस्टॅक वापरणाऱ्यांनीही तिथल्या हिरव्या खुणेवर विसंबू नये. ती नक्कल आहे, तुमचा प्रोव्हायडर नव्हे.

एकाच प्रोव्हायडरकडे राहणार असाल आणि फक्त पुट-गेट करत असाल, तर या भानगडीत पडू नका, स्वतःच्या दहा-वीस चाचण्या पुरतात. दोन ठिकाणी डेटा ठेवणाऱ्यांनी मात्र घ्याच. सपोर्टला ‘तुमचं चालत नाही’ असं लिहिलं की ‘तुमच्या बाजूने तपासा’ असं उत्तर येतं. फेल झालेल्या चाचणीचं नाव, पाठवलेली रिक्वेस्ट आणि आलेलं उत्तर जोडलं की तिकीट थेट इंजिनिअरकडे जातं. आमचं इफ-नन-मॅचचं असंच सुटलं. की च्या नावांचं अजून उघडं आहे, आणि या खेपेला रिन्यूअलच्या करारात आमची चाचण्यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडायला सांगितली आहे.