एकटीचं घर, सेन्सर आणि शेजार : दिवाळी ते आषाढ

वय 74, निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाईत एकटी राहते. मुलगा पुण्यात, निघायचं म्हटलं तरी पोचायला सात-आठ तास. दिवाळीत आला तेव्हा त्याने घरात सेन्सर बसवून दिले. या वस्तूंबद्दल मी जे वाचलं ते सगळं मुलांनी लिहिलेलं. ज्यांच्या भिंतीवर त्या लागतात त्यांचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

कॅमेरा नको, हे मी आधीच सांगितलं होतं. स्वतःच्या घरात मी कशी बसते, कशी झोपते ते पोटच्या पोरानेही बघू नये. मग ठरलं ते असं : बैठकीत, स्वयंपाकघरात आणि न्हाणीच्या वाटेवर हालचाल ओळखणारे सेन्सर, पुढच्या दाराला आणि न्हाणीच्या दाराला चुंबकाचे सेन्सर, सगळ्यांना जोडणारा एक हब, आणि पडलं तर कळवणारं मनगटी घड्याळ.

घड्याळ मी काढून ठेवलंय. भाकरी थापायला लागलं की ते विचारायचं, पडलात का? रोज चार्जिंग, आणि अंघोळीला जाताना काढून ठेवायचं. म्हाताऱ्या माणसाला धोका असतो तो ओल्या फरशीवर, आणि नेमकं तेव्हाच ते कपाटात.

सेन्सर मात्र कामाचे निघाले, पण आपल्याकडच्या राहणीप्रमाणे त्यांना वळण लावावं लागलं. आमच्या नळाला रोज पाणी नसतं आणि येतं तेव्हा वेळ त्याची. रात्री दोनला नळ आला की मी उठणार, दार उघडणार, मोटार लावणार, हौद भरणार. इकडे पुण्यात मुलाच्या मोबाइलवर इशारा : मध्यरात्री हालचाल, दार उघडं. तो दचकून फोन करायचा, मी हौदापाशी, फोन आत. शेवटी नळाशेजारी एक बिनतारी बटण चिकटवलं. पाणी आलं की ते दाबायचं, दोन तास इशारे बंद. मराठवाड्यात हा संच घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करून घ्यावं.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण. हे सेन्सर अंगाची उष्णता आणि भिंतीची उष्णता यातला फरक ओळखतात. मे महिन्यात दुपारी पारा 42 च्या आसपास गेला, वरचा स्लॅब तापला, की भिंत आणि माणूस एकसारखेच गरम. मी बैठकीतून माठापर्यंत जाऊन पाणी पिऊन आले तरी ॲप म्हणे, दुपारपासून हालचाल नाही. सेन्सर बिघडलेला नव्हता, त्याला मी दिसतच नव्हते. मग फ्रिजच्या दाराला एक चुंबकाचा सेन्सर लावला. दार उघडलं की नोंद होते, उकाड्याचा संबंध नाही. वैशाखात मी गच्चीवर झोपते, तेव्हा जिन्याच्या दारालाही तसाच. दारांचे हे सेन्सर बारा महिने इमानाने चालतात, विकत घेताना तेच जास्त घ्या.

लाइट गेली की वायफाय बंद आणि हब मुका. म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. पण वादळात लाइट दिवसभर गेली तर मोबाइलचा टॉवरही बसतो. त्यासाठी एक साधी सेलवर चालणारी बिनतारी बेल आणली. तिचं बटण माझ्या खाटेपाशी, दुसरं न्हाणीत खाली, पडल्या पडल्या हात पोचेल असं. घंटा शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर. इंटरनेट नको, ॲप नको. भिंतीपलीकडे आवाज पोचतो का, ते मात्र आधी दाबून बघावं.

आता खरा मुद्दा : इशारा आधी कुणाला जातो. सुरुवातीला तो थेट मुलाला जायचा. तीनशे किलोमीटरवरून तो काय करणार? मग क्रम बदलला. न्हाणीचं दार अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद राहिलं, किंवा सकाळी सातपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही, तर आधी माझा फोन वाजतो. मी उत्तर दिलं नाही तर वहिनींचा. मुलगा तिसरा.

आषाढात याची परीक्षा झाली. न्हाणीत चक्कर आली, भिंतीला टेकून खाली बसले, उठवेना. बेलचं बटण मागे राहिलं होतं. बाहेर फोन वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने अंगणातून आवाज, “बाई, काय करायलाव? बाई!” वहिनी किल्लीने दार उघडून आत आल्या. साखर-मीठ पाणी दिलं, मग दवाखान्यात नेलं. पडण्यापेक्षा तासन् तास पडून राहणं जास्त घातक असतं : अंगातलं पाणी कमी होतं, दबलेले स्नायू खराब होतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. तेवढा वेळ त्या दिवशी गेला नाही.

वहिनी आत येऊ शकल्या कारण रात्री-दिवसा मी आतून कडी लावत नाही. पुढच्या दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवलंय, न्हाणीची आतली कडीही काढून टाकली. कडी लावलेल्या घरात सेन्सर कितीही ओरडले तरी लोकांना दार फोडावं लागतं.

एक तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे. मी किती वाजता उठले, न्हाणीला किती वेळा गेले, याचा आलेख ॲप मुलाला दाखवायचं. मी ते बंद करायला लावलं. त्याला फक्त “ठीक” किंवा “बघा” एवढंच दिसतं. शिवाय ॲपवर हिरवं दिसायला लागल्यापासून त्याचे फोन कमी झाले होते. ते मी त्याला स्पष्ट बोलले. आता रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर फोन येतो.

फोनशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : रुग्णवाहिका 108, आणीबाणी 112, ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567; ही शेवटची सकाळी आठ ते रात्री आठ.

उदगीरजवळच्या खेड्यात माझी धाकटी बहीणही एकटी असते. तिच्याकडे रेंजच नाही, म्हणून तिला सेन्सर घेऊ नको म्हटलं. दिवाळीच्या आधी जाऊन तिच्या दाराचं कुलूप बदलून द्यायचंय, आणि बेलची घंटा समोरच्या घरी लावायची.