स्पेसर की नेब्युलायझर?

गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्या भागात धूर उतरतो आणि दमेकऱ्यांची छाती वाजू लागते. शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, सात वर्षांच्या लेकासाठी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारं मशीन घेऊ, की डॉक्टरांनी दिलेला पंपच स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावून देऊ?

दम्यात बारीक श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात. औषध तिथवर पोचायचं तर कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे हवेत. नुसता पंप मारला की बरंचसं औषध घशावरच आदळतं. स्पेसरमध्ये फवारा थबकतो, मूल सावकाश ओढून घेतं. नीट वापरला तर साध्या आणि मध्यम त्रासात तो मशीनइतकाच गुण देतो, आणि हेच फार थोड्यांना माहीत असतं.

मशीनला 5 ते 10 मिनिटं लागतात, वर वीज. खर्चही जास्त. कप-मास्क धुऊन वाळवला नाही तर जंतू थेट छातीत.

वहिनी, जोतिबाला जाताना पिशवीत मावेल असा स्पेसरच घ्या. स्पेसर लावूनही ज्यांना पंप जमत नाही, अशा थकलेल्या म्हाताऱ्यांना मशीन बरं. ओठ निळे पडले किंवा बोलताना धाप लागली, तर पंप देत देत थेट दवाखाना गाठा.