बर्फात शिकायला जिम्नी: गाडी पास, टायर नापास

मनालीहून अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगच्या अलीकडे नाका लावतात आणि फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) किंवा टायरांवर साखळ्या चढवलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. पुण्या-मुंबईच्या एमएच पाटीच्या महिंद्रा थार आणि मारुती जिम्नी तिथून बिनधास्त पुढे जातात. पुढच्या एखाद्या सावलीतल्या वळणावर त्यातली एखादी आडवी होते, आणि मग मागे दोन तास रांग. गाडीत दोष नसतो. चार चाकांना ताकद मिळाली की थांबायलाही मदत होते, हा समज चालकाने महाराष्ट्रातून सोबत आणलेला असतो.

म्हणून हे परीक्षण पाच दारांच्या मारुती जिम्नीचे आहे, पण एकाच प्रश्नापुरते: बर्फात गाडी चालवायला शिकायचे तर ही गाडी कशी? मायलेज, टचस्क्रीन आणि मागच्या सीटचा आराम यांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे.

कागदावरची माहिती आधी. जून २०२३ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाखांपासून १५.०५ लाखांपर्यंत होती. इंजिन १.५ लिटर पेट्रोल, १०५ पीएस ताकद, १३४ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर); पाच गिअरचे मॅन्युअल किंवा चार गिअरचे ऑटोमॅटिक. जमिनीपासून उंची २१० मिमी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २५९० मिमी, वजन साधारण १२०० किलो. स्वस्त आणि महाग अशा दोन्ही व्हेरिएंटना लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग मिळतात, त्यामुळे बर्फासाठी महागडे मॉडेलच घ्या असे सांगण्याचे कारण नाही.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने या गाडीचा सर्वात मोठा गुण म्हणजे तिचे अशक्तपण. रस्त्यावर जे इंजिन मंद वाटते ते बर्फावर चाके उगाच फिरवत नाही. चाक जागच्या जागी फिरले की खालचा बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यानंतर तीच गाडी त्याच जागेवरून सुटणे अवघड जाते. १३४ एनएम टॉर्कमध्ये नवशिक्याच्या जड पायाला थोडी माफी मिळते. डिझेल थारमध्ये ती मिळत नाही. मॅन्युअल असेल तर ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) दुसऱ्या गिअरवर, क्लच सावकाश सोडत सुटायचे. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर हे काम आपोआप मऊ करतो, फक्त पेडलला हळुवार स्पर्श हवा. चार गिअरचे जुनाट ऑटोमॅटिक म्हणून त्याची जी टिंगल होते ती हायवेवर रास्त आहे, इथे नाही.

आता ते लिव्हर. जिम्नीत बटण नाही, खरोखरचे लिव्हर आहे: २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद), ४एच, ४एल (चारही चाके, लो-रेंज). २एच वरून ४एच वर चालत्या गाडीतही जाता येते, मात्र चाके सरळ हवीत, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला हवा आणि मागची चाके घसरत नसावीत. ४एल साठी गाडी पूर्ण थांबवायची, क्लच पूर्ण दाबायचा किंवा ऑटोमॅटिक न्यूट्रलला आणायचे, मग लिव्हर दाबून सरकवायचे. डॅशवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत बदल पूर्ण झालेला नसतो. नवशिके इथेच घाई करतात आणि अर्धवट अडकलेल्या गिअरवर जोर देतात.

ही पार्ट-टाइम प्रणाली आहे, मधला डिफरन्शियल (दोन धुऱ्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. ४एच मध्ये पुढची आणि मागची धुरी एकमेकींना बांधली जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. बर्फावर तो फरक चाके किंचित घसरून भरून काढतात, कोरड्या रस्त्यावर घसरता येत नाही आणि ताण शाफ्ट आणि गिअरवर बसतो. स्टीअरिंग जड होते, गाडी अडखळते आणि लिव्हर २एच मध्ये परत यायला नकार देते. असे झाले तर लिव्हरशी झटापट करू नका. सरळ रेषेत थोडे मागे घ्या, ताण सुटला की ते निघते.

हा मुद्दा अटल बोगद्यात प्रत्यक्ष समोर येतो. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा, म्हणून शिरल्यावर २एच. पण लाहौलच्या बाजूला, सिस्सूकडे बाहेर पडताना तोंडाशी वितळलेले पाणी गोठून पडलेले असू शकते आणि तिथले तापमान मनालीपेक्षा बरेच खाली असते. त्यामुळे समोर उजेड दिसू लागला की सरळ पट्ट्यावर वेग कमी करून ४एच लावून घ्यायचे. बाहेर आल्यावर, घसरत असताना लिव्हरकडे हात नेऊन काही साधत नाही.

थांबण्याचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षण गुणांक (पकडीचे माप) ०.७ च्या आसपास, दाबलेल्या बर्फावर ०.२, गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी २० किमी वेगाने ब्रेक लावला तर सपाटीवर गाडी अनुक्रमे सव्वादोन, आठ आणि सोळा मीटरवर थांबते. वेग ४० केला की हे आकडे चौपट होतात. प्रतिक्रियेचा वेळ यात धरलेलाच नाही. आणि २एच असो, ४एच असो, यात फरक पडत नाही, कारण ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात. उताराचे गणित तर आणखी कठोर आहे: गुणांक ०.१ असेल आणि उतार दहाला एक असेल तर ब्रेकने गाडी थांबतच नाही, फक्त वेग वाढायचा थांबतो. एबीएस पायाखाली थरथरत राहते, चाके लॉक होऊ देत नाही, स्टीअरिंग थोडे ऐकते. नवीन पकड निर्माण करणे एबीएसच्या हातात नाही.

म्हणून शिकण्याचा क्रम ब्रेकपासून सुरू व्हावा. मोकळे सपाट मैदान, दाबलेला बर्फ, आजूबाजूला किमान ३० मीटर काही नाही. आधी २एच मध्ये ताशी १५ ते २० वेगाने एकाच खुणेवर ब्रेक, थांबलेल्या जागी काठी रोवा. मग ४एच मध्ये तेच. दोन्ही काठ्या जवळजवळ शेजारी येतात आणि अर्धा गैरसमज तिथेच गळून पडतो. नंतर त्याच वेगाने हलके वळण घ्यायचे आणि मुद्दाम स्टीअरिंग जास्त फिरवायचे. पुढचा भाग सरळच घसरत जातो. तेव्हा आणखी वळवणे ही प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया असते आणि ती चूक असते. पेडलवरचा पाय उचलून स्टीअरिंग थोडे परत आणले की चाकांना पकड सापडते. मागचा भाग फिरला तर ब्रेक नको, तो ज्या बाजूला जातो त्या बाजूला स्टीअरिंग, आणि तो सावरू लागताच लगेच सरळ.

इथे जिम्नीची एक उणीव जाणवते. तिचे स्टीअरिंग रिसर्क्युलेटिंग-बॉल जातीचे आहे; दगडांवर हाताला हिसके बसत नाहीत, पण टायरची पकड कधी सुटली हे हाताला कळतच नाही. बर्फात ही माहिती लाखमोलाची असते. ती कानाने आणि पाठीने घ्यायला शिकावे लागते: दाबला जाणारा बर्फ करकरतो, निसरडा बर्फ गप्प असतो. तीन दारांच्या परदेशी जिम्नीपेक्षा हिचा व्हीलबेस ३४० मिमी जास्त आहे, त्यामुळे मागचा भाग त्या मानाने सावकाश फिरतो. शिकणाऱ्याला तेवढाच वेळ मिळतो.

उतारासाठी ४एल आणि पहिला गिअर, ऑटोमॅटिकमध्ये एल (सर्वात खालचा गिअर). क्लचवर पाय नको. इंजिनचा अडसर दोन्ही धुऱ्यांवर एकसारखा पडतो आणि चाके फिरत राहतात, म्हणून स्टीअरिंग जिवंत राहते. पण तोही तीच तुटपुंजी पकड वापरतो, म्हणून वेग उतार सुरू होण्याआधीच कमी हवा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरणारी यंत्रणा) दाबलेल्या बर्फावर उत्तम काम करते. ब्लॅक आइसवर (रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर) चारही चाके एकदम सुटली की त्यालाही उपाय नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम बर्फात दुप्पट लागू होतो, मात्र उतरणाऱ्याने थांबायची जागा समोरून गाडी दिसण्यापूर्वीच हेरलेली असावी. डोंगराच्या बाजूचे गटार दरीपेक्षा केव्हाही बरे.

खऱ्या अर्थाने अडकल्यावर ब्रेक एलएसडी मदतीला येते. तिरकी दोन चाके हवेत फिरू लागली की ती त्यांना ब्रेक लावते आणि ताकद जमिनीवरच्या चाकांकडे जाते. अट अशी की तिला क्षणभर चाक फिरलेले दिसावे लागते. कटकट आवाज आला की नवशिका घाबरून पाय काढतो आणि प्रणाली बंद पडते. स्थिर, हलका अ‍ॅक्सिलरेटर दोन सेकंद तसाच ठेवा. थारच्या वरच्या व्हेरिएंटमधला मागचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही मागची चाके एकत्र बांधणारा) चढावर जास्त दमदार आहे यात वाद नाही. पण रस्ता दरीकडे कलता असेल तर बांधलेली दोन्ही मागची चाके एकदम सुटतात आणि गाडीची शेपटी कलाकडे सरकते. शिवाय थारचे २५५ मिमी रुंद टायर मऊ बर्फावर तरंगायला बघतात, जिम्नीचे १९५ मिमी टायर तो कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात.

टायरची रुंदी बरोबर आहे, जात नाही. कंपनीतून येणारे १९५/८० आर१५ टायर हायवेसाठी आहेत. साधारण ७ अंशांखाली त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि खाचांमध्ये बर्फ भरला की चाक गुळगुळीत रोलर होते. बाजूवर नुसते एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले असण्याला फारसा अर्थ नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असलेला टायर चाचणीतून गेलेला असतो. या गाडीला बरेच जण २१५/७५ आर१५ ऑल-टेरेन बसवतात. घेताना ती खूण आहे का ते पाहा, फक्त दणकट दिसणारी नक्षी पाहून पैसे देऊ नका. खाच ४ मिमीखाली गेली असेल तर बर्फासाठी टायर संपला. हवेचेही गणित आहे: पुण्यात २८ अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा मनालीच्या उणे ५ अंशांच्या पहाटे थंडीमुळे सुमारे ५ ने उतरते आणि उंचीमुळे सुमारे २ ने चढते. म्हणजे दोन-तीन पीएसआय कमी. सकाळी गाडी थंड असताना मोजून भरा.

ब्लॅक आइसवर ऑल-टेरेन टायरही हात टेकतो, तिथे साखळ्याच. चारही चाकांना लावल्या तर उत्तम. एकच जोडी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या धुरीवर लावा आणि परिणाम ओळखून चालवा: फक्त मागे लावल्या तर उतारावर पुढची चाके वळणात ऐकत नाहीत, फक्त पुढे लावल्या तर ब्रेक लावताच मागचा भाग पुढे यायला बघतो. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा, पहिल्यांदा त्या हमखास सैल होतात. सैल कडी ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर तोडते. वेग ३० च्या आत. कोरड्या रस्त्यावर काढून टाका.

पेट्रोल असण्याचा फायदा हिवाळ्यात कळतो. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेण धरते आणि फिल्टर तुंबतो; लडाखसाठी इंडियन ऑइलला २०१९ मध्ये वेगळे, उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणावे लागले ते त्यामुळेच. जिम्नीला ही चिंता नाही. बाकी तयारी मात्र करावी लागते: काच धुण्याच्या टाकीतले महाराष्ट्रातले साधे पाणी काढून न गोठणारे द्रव भरा, कूलंट पाणी घालून पातळ केलेले नाही ना ते तपासा, रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, वायपर उभे करा. काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. रस्त्यात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ सतत उकरत राहा आणि काच बोटभर उघडी ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे थंडीने आणि धुराने दगावली.

ओझ्याबद्दलही सांगायला हवे. गाडीची एकूण वजनमर्यादा १५४५ किलो, म्हणजे माणसे आणि सामान मिळून साडेतीनशे किलोच्या आत. चार धडधाकट माणसे, टपावर कॅरिअर, त्यावर बॅगा हा आपल्याकडचा नेहमीचा थाट या गाडीला झेपत नाही, आणि टपावरचे वजन वळणात तिला बाहेर ढकलते. दोन माणसे, मागची सीट पाडून सामान, फावडे आणि टो-दोर: जिम्नी एवढ्यासाठी आहे.

घ्यायची असेल तर खालचे व्हेरिएंट घ्या आणि वाचलेले पैसे टायरवर घाला. क्रम उलटा करू नका: आधी टायर ठरवा, मग त्याच मापाच्या साखळ्या घ्या, कारण १९५/८० च्या साखळ्या २१५/७५ वर बसतीलच असे नाही. आणि त्या घरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हातमोजे घालून, एकदा लावून-काढून बघा; कडी कुठे अडकते आणि जॅक लागतो की नाही हे तिथेच कळेल.